नॉर्मल आलेली ताण-चाचणी पुन्हा करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
वरदा हृदय रुग्णालय,
येलहंका, बेंगळूरु.

विषय: औषध देऊन केलेली माझी हृदयाची ताण-चाचणी पुन्हा करून मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या कार्यालयाने खिडकीवर दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

आपण पुण्याहून इथे आलात असे कळले, म्हणून मराठीत लिहिते. आमचे घराणे पिढ्यान् पिढ्या इथलेच.

१. गुडघ्यांमुळे मला पट्ट्यावर चालता येत नाही. म्हणून शिरेतून औषध देऊन ही चाचणी करण्याचे ठरले. "उपाशी या" एवढेच सांगितले होते. मी उपाशी आले.

२. यंत्र बिघडल्याने आम्हांला बाहेर बसवले. तेथील मदतनीस अनुषा ही आमच्याच लोकांतली. ती कॉफी घेऊन आली. "अज्जी, स्वल्प काफी घ्या, तोंड सुकलंय." मी म्हटले, उपास आहे. ती हसली. "काफीनं कधी उपास मोडलाय काय?" मी घेतली. तिला कृपया बोल लावू नये. माझी आईसुद्धा निर्जळी सोडून प्रत्येक उपासाला कॉफी घेई. पहाटे पितळी फिल्टरवर ती चमच्याने टकटक करी, तो आवाज मला अजून ऐकू येतो. या गावात कॉफी खाण्यापिण्यात धरत नाहीत. आपल्या विभागातही ते कोणी धरले नाही.

३. औषध गेल्यावर शेजारच्या बाईंची छाती आवळली, एका गृहस्थांचा चेहरा तापून लाल झाला. मला काहीच झाले नाही. "अज्जी एकदम स्ट्राँग!" म्हणून सिस्टरनी कौतुक केले. नंतर माझी भाची संहिता, जी औषधांच्या दुकानात असते, तिने सांगितले की कॉफी त्या औषधाचा परिणामच होऊ देत नाही, आणि असलेला अडथळा दिसायचा राहून जातो.

४. हे खिडकीवर सांगितले. उत्तर मिळाले, नॉर्मल अहवालाची चाचणी पुन्हा करण्याची पद्धत नाही. त्रास वाढल्यास तातडीच्या विभागात यावे. म्हणजे चाचणीस पात्र ठरण्यासाठी मला आधी कोसळावे लागेल. चिरंजीव रघुनंदन अहवाल दाखवून म्हणतो, "अम्मा, नॉर्मल आहे की! फिरत जा, जिना चढत जा." मी चढते. अर्ध्या जिन्यावर जबडा दुखू लागतो, डावा हात जड होतो. खाली उतरले की थांबते. हल्ली उतरल्यावरही लगेच थांबत नाही.

५. माझे वडील विश्वासराव असाच डावा हात चोळत बसत. डॉक्टरांनी नाडी पाहून "सगळं सरी आहे, ठीक आहे, नुसता वारा धरलाय" म्हटले. घरी सगळ्यांना हायसे वाटले. त्याच संध्याकाळी त्यांनी कॉफी मागितली. आईने आणली तेव्हा ते खुर्चीतच होते. लोट्यातल्या कॉफीवर साय धरली, तरी त्यांचा हात तिकडे गेला नाही. घरात अजूनही सगळ्यांना हायसेच वाटत होते.

आमच्या घरीही सध्या सगळ्यांना हायसे वाटत आहे.

तरी चाचणी पुन्हा करावी, आणि यापुढे प्रत्येकाला "उपाशी आहात का?" याबरोबर "कॉफी घेतली का?" असे वेगळे विचारावे, ही विनंती. मी कॉफी बंद केली आहे, फिल्टर पालथा घातला आहे. बोलवाल त्या दिवशी येईन. दिवस मात्र आपणच ठरवावा, तो आपोआप ठरण्याआधी.

आपली नम्र,
कावेरी त्रिविक्रम राव
येलहंका, १८ नोव्हेंबर २०२४

सोबत: नॉर्मल अहवालाची प्रत.