दत्त्या, ताशाचा सराव करायचा तरी कधी?

प्रिय दत्त्या,

तुला जाऊन वर्षही झालं नाही आणि तुझ्यावर ओरडायला कागद घेऊन बसलोय. काय करणार? पथकातल्या पोरांनी तुझा ताशा माझ्या गळ्यात अडकवलाय! म्हणे, "सुनीलभाऊ, तुम्हीच वाजवा. दत्ताभाऊंच्या शेजारी तुम्हीच असायचा ना!" अरे, शेजारी उभं राहून कुणाला ताशा येतो का?

मी जन्माचा ढोलवाला. तू ताशा उठवायचास, मी मागोमाग ढोल बडवायचो. डोकं घरी ठेवून आलं तरी चालायचं.

त्यात मंगलवहिनींनी अट घातली. "विसर्जनाला आमच्या दारात थांबा, भावजी. पण ह्यांच्यासारखं नीट वाजणार असेल तरच. नाहीतर सरळ पुढे निघून जा." तुझ्या फोटोचा हार बदलता बदलता म्हणाल्या.

मग लागलो कामाला. रोज संध्याकाळी सातला सराव, ठरलं म्हणजे ठरलं! पहिला आठवडा झकास गेला. पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लागली आणि सातला मी चाकणला मशीनपुढे उभा. मग आली नाइट. कसला सराव नि कसलं काय!

सुट्टीच्या दिवशी सगळी कसर भरून काढायला बसलो. सकाळपासून जेवणापर्यंत नुसती तर्री. काड्या थरथरवत ती उठवली की आपल्याला लई येतंय असं वाटतं ना! खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अहो, गणपती बसायला अवकाश आहे अजून!" दुसऱ्या दिवशी मनगट हे एवढं सुजलं. कंपनीत पाना धरता येईना.

आणि माझा खरा राग इथेच आहे. तू कधी शिकवलं का नाहीस? विचारलं की म्हणायचास, "हाय काय त्यात भावा? वाजवत ऱ्हायचं." वाजवत ऱ्हायचं म्हणे! किती? कसं? कुठला हात आधी? तुला सराव करताना कुणी पाहिलंच नव्हतं. आम्ही आपले म्हणायचो, देवाची देणगी आहे गड्याला.

देणगी कसली डोंबलाची! परवा कंपनीच्या बसमध्ये तुझ्या खिडकीशी बसलो आणि माझी ट्यूब पेटली. दापोडीला बसलास की चाकण येईपर्यंत मांडीवरच्या डब्यावर तुझी बोटं चालू, तोंडाने पुटपुटणं चालू. मी खेकसायचो, "झोपू दे की राव!" शिफ्ट बदलायची, पण बसचा प्रवास काही चुकायचा नाही. म्हणजे माझ्या कानाशी बसून तू रोज सराव करत होतास आणि कधी एका शब्दाने बोलला नाहीस? लबाड लेकाचा!

आता मीही तेच करतो. नाशिक फाट्यापर्यंत नुसता डावा हात, तोच आळशी आहे. भोसरी मागे पडेपर्यंत साधा ठेका, अगदी संथ. मोशीला बस अडकली की जो तुकडा चुकला तोच पुन्हा पुन्हा, आधी तोंडाने, मग बोटांनी. तर्री शेवटी, आणि तीही थोडीच. घरी ताशावर थोडा वेळच बसतो, बसमध्ये जे बसलंय तेवढंच वाजवतो. मनगटाची सूजही उतरलीय.

हात तयार होतोय रे. पण काल मैदानावर पथकाबरोबर ठेका उठवला आणि मध्येच अडखळलो. सवयीने मान डावीकडे वळली. तू असायचास तिकडे. तिथे कुणी नव्हतं. सगळे ढोलवाले माझ्या हाताकडे बघत होते, मग मी कुणाच्या हाताकडे बघायचं, दत्त्या? ह्याचा सराव कुठल्या बसमध्ये करू? छातीत कळ आली म्हणून पाच मिनिटं बसतो म्हणालास आणि उठलाच नाहीस. असा कुणी जातो का? भर मैदानात रडू आलं मला, आणि तुझा भयंकर राग आला.

तरी शब्द देतो. विसर्जनाला तुझ्या दारात थांबेन. घाई न करता ठेका उठवेन. वहिनी समोर असतील. मान डावीकडे वळायचीच, तिला वळू दे. हात थांबू देणार नाही.

तुझ्यावर चिडलेला,
सुन्या