कॅलेंडरवरचा कारखाना

१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि छोटी मजेत असतील. इकडे ठीक चाललंय. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं बोलणं अडतं, म्हणून हे पत्र.

सिमेंट कारखान्याचं माझं चित्र कंपनीने घेतलं, यंदाच्या कॅलेंडरवर छापलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. सकाळचं ऊन कालव्यापलीकडून आलं की हवेतली धूळ गुलाबी होते आणि कारखान्याच्या चिमण्या नुसत्या अधांतरी उभ्या दिसतात. लहानपणापासून ते बघून माझा जीव हरखतो. तेवढंच काढलं मी. आई असती तर म्हणाली असती, "आधी दोरीवरचे कपडे झटकून आण."

आपल्या गल्लीने त्या धुळीविरुद्ध तक्रार केली होती. मागच्या आठवड्यात सुनावणी झाली. बाबांची साक्ष होती. उभा जन्म तिथे गोण्या भरण्यात गेला त्यांचा. कंपनीच्या वकिलाने माझं कॅलेंडर सगळ्यांसमोर धरलं. म्हणाला, "साक्षीदाराच्याच मुलीला इथे एवढं सौंदर्य दिसतं. मग त्रास नेमका कुणाला आहे?" बाबा उत्तर द्यायला उठले आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. शेवटी त्यांना धरून खाली बसवलं. तक्रार फेटाळली.

परतताना मी म्हटलं, "बाबा, ते चित्र मी द्यायला नको होतं."

"खोटं काय आहे त्यात?" ते म्हणाले. "दिसतंच तसं. पाळी सुटली की मीही बघत उभा राहायचो."

त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

शेजारच्या काकू आता मला बघून दार लोटून घेतात. परवा मी पुन्हा कालव्यावर गेले. वाटलं, आता तरी ते सगळं भेसूर दिसेल. नाही दिसलं रे. तितकंच देखणं होतं. रंगांची पेटी न उघडताच परत आले.

आता खरं ते लिहिते. बाबांना ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. त्याचा अर्थ मी विचारला नाही. काल बाबांनी विचारलं, "थोरला येतोय ना?" मी तुला न विचारताच हो म्हटलं. आज त्यांनी काहीच विचारलं नाही.

वेळेत पोचशील असं वाटत नाही. तरी नीघ.

तुझी,
धाकटी