एसीच्या जाळीवरची गोधडी

चि. बाळकृष्ण यास शांताक्काचे अनेक आशीर्वाद.

आधी कपाळावरचा चष्मा नाकावर घे, नाहीतर तो घरभर शोधत बसशील. संक्रांतीचा तिळगूळ पोचला की नाही, हे उन्हाळा लागला तरी कळवायचं विसरलास. गुडघ्याला तेल लावतोस की तेही विसरलास? इथे बरकतपुऱ्यात सगळे खुशाल, फक्त माझं बूड जमिनीला टेकत नाही. केतकी (विजयची मुलगी, तीच लिहून घेतेय, तिचे काना-मात्रे तू सांभाळून घे) म्हणते, आजी, एका जागी बस, माझं पेन तुझ्यामागे पळत नाही. कशी बसू? खाली भंगारवाला ओरडला की बाल्कनीत जाऊन बघावं लागतं, आपल्या आईच्या लुगड्यांची गोधडी जागेवर आहे ना.

झालं असं. एसी सुरू झाला आणि सूनबाईला, वैशालीला, शिंकांची माळ लागली. तिने फोनमध्ये वाचलं की जुन्या अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. घरात पडदे आहेत, गालिचा आहे, पण किड्यांना पत्ता सापडला तो माझ्याच गोधडीचा! गोधडी काळ्या पिशवीत, पिशवी बाल्कनीत. मी म्हटलं, अगं, गोधडी बाहेर गेली तरी एसी लावला की तू शिंकतेसच की. ऐकतंय कोण! एसीवाला म्हणाला, "परसों आता हूँ अम्मा." (इथला परसों तुला ठाऊकच आहे, गेल्या दिवाळीपासून येत्या दसऱ्यापर्यंत कुठेही बसतो.)

मग मीच स्टुलावर चढले. नळाला फडकं बांधतो ना आपण, तसं तुझ्या भाऊजींच्या जुन्या धोतराचं फडकं एसीला बांधलं. पाणी गाळून येतं, तर वारा का नाही? दुपारभरात एसीने पोटात बर्फ धरला आणि मग टपटप पाणी, थेट विजयच्या लॅपटॉपवर. तो ओरडला, मी देवघराकडे तोंड केलं. पण त्या निमित्ताने त्याने एसीचं झाकण तरी उघडलं! बाळ्या, आतल्या जाळीवर धुळीचा असा थर, की चार टाके घातले असते तर दुसरी गोधडी झाली असती. जाळ्या धुतल्या, सावलीत वाळवल्या, तुंबलेली नळी मोकळी केली. शिंका थांबल्या. आता विजय दर पंधरवड्याला जाळी धुतो (बायकोचा वाढदिवस विसरतो, पण जाळीची तारीख नाही). आणि गोधडी अजून पिशवीतच! म्हटलं, कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकते, तर वैशाली म्हणते, "नक्को आई, उगीच संशय कशाला ठेवायचा?"

थांब गं केतकी, ओरडला बघ तो भंगारवाला.

(आजी बाल्कनीत गेली आहे. – केतकी)

आहे, जागेवर आहे.

तुझी शांताक्का
(अंगठा कुंकवाचा आहे, घरात शाई कुठली?)

ता. क. खरं काम हे. विजयला फोन कर आणि दरडावून सांग, आमच्या आईची गोधडी मामाला पाहिजे, तुझ्या आईने एकटीने लाटली. दुसऱ्याने मागितलेली वस्तू या घरात कुणी टाकत नाही. मागायला विसरू नकोस, आणि न्यायला येऊ नकोस.

आणखी ता. क. वैशालीला दुपारी दोन-तीन शिंका अजून येतातच. त्या मी तळते त्या सांडगी मिरच्यांच्या. (हे लिहू नको म्हटलं होतं, कारटीने लिहिलं.) मिरच्या संपत आल्यात. एसी आता धुतलेला आहे, ठसक्याचं खापर फुटायला गोधडी एकटीच उरली. तेव्हा यंदाच्या मिरच्या घट्ट झाकणाच्या डब्यातच पाठव, वैशालीला वास लागता कामा नये.