मिठाने पांढरी झालेली मोटर

गुरुवार, संध्याकाळ. जिझान, सौदी अरेबिया.

वादळात समुद्र कामगारांच्या कॅम्पात शिरला, त्याला आज चार दिवस. पाण्याच्या पंपाची मोटर मिठाने पांढरी झालेली. अशी मोटर आधी गोड्या पाण्याने धुऊन वाळवायची, हे आमच्या दापोलीत कुणीही सांगेल. मीही सांगणार होतो. पण मॅनेजर म्हणाला, "यल्ला, चालू कर." याच माणसाने गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "तुझ्या जागी सौदी माणूस येतोय. तू खलास." मी त्या मिठावर बोटं फिरवून बघितली आणि बटण दाबलं. मोटर जळाली. त्याचं तोंड बघून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? परत सांगितलं तर परत दाबेन.

आता कॅम्पात पाण्याचा थेंब नाही. रूममधले हनीफभाई विचारत होते, "तुला कळलं नाही?" नाही म्हणालो. बोटांना ते मीठ अजून आहे. धुवायला पाणी नाही.