मामांचा फोटो आणि भविष्याचा विचार

३ फेब्रुवारी. वडूज.
नोकरी शोधणं आजपासून बंद. धंदा ठरला: जुने फोटो, चित्रं डिजिटल करून देणे. पहिलं गिऱ्हाईक घरातलंच, धोंडुआत्या. तिचे मालक, म्हणजे आमचे मामा, फौजेत होते, आता नाहीत. त्यांचा वर्दीतला एकच फोटो, तोही कोपऱ्यात डाग पडलेला. सोळा तारखेला माजी सैनिकांच्या मेळाव्यात गावच्या सगळ्या फौजींचे मोठे फोटो लागणार. आत्या म्हणाली, "ह्यांचीच जागा मोकळी ऱ्हायला नगं रं." म्हटलं, निर्धास्त राहा. आधी फक्त योग्य स्कॅनर निवडतो.

५ फेब्रुवारी. सातारा.
स्कॅनरच्या दुकानदारानं डेमो म्हणून मामा स्कॅन करून प्रिंट दिली. मिशीचा केस न् केस दिसतोय. पण उद्या कुणी पाच फुटी पेंटिंग आणलं तर या मशीनमध्ये मावेल? भविष्याचा विचार नको? प्रिंट परत केली. फुकटचं घेत नाही. पांढरे हातमोजे मात्र घेतले. प्रोफेशनल माणूस फोटोला बोट लावत नाही.

८ फेब्रुवारी. विटा.
सांगलीला निघालेलो. एसटीत शाळेतला दोस्त वीरधवल भेटला. परराज्यात सोन्याच्या गलाईचं दुकान आहे त्याचं, सुट्टीला आलाय. म्हणे, "मोबाईलवर काढ की गड्या, दोन मिन्टाचं काम हाय." सोनं गाळणाऱ्याला रिझोल्यूशन काय कळणार! त्याच्याकडेच मुक्काम. मटण लय भारी.

११ फेब्रुवारी. सांगली.
इथले स्कॅनरवाले सुकुमारशेठ. त्यांनी डेमोला मामा दोन फुटी करून दाखवले. डागही काढला. म्हणाले, "मशीन नगं तर नगं, प्रिंट तरी न्ह्या." तत्त्वात बसत नाही. "मग शोकेसला लावू?" लावा म्हटलं.

१३ फेब्रुवारी. सांगलीच.
अखेर ऑनलाइन ऑर्डर केली. स्कॅनर १९ला येणार. मेळावा भरवणाऱ्या नानासो सुभेदारांना फोन केला, मेळावा तीन दिवस पुढे घेता येईल का? त्यांनी दिलेलं उत्तर फौजी शिस्तीत बसत नाही.

१५ फेब्रुवारी.
आत्या आणि तिची लेक रेश्मा फोटो परत न्यायलाच सांगलीत आल्या. स्टँडवरून येताना शेठचं दुकान लागलं. आत्या भर रस्त्यात थांबली, डोक्यावर पदर घेतला, काचेकडे बघून म्हणाली, "आवं, तुमी हितं कवा आला?"
शेठनी मामांना काचेतून काढून तिच्या हातात दिलं.

१६ फेब्रुवारी. वडूज.
मेळाव्यात मामा भिंतीवर. आत्या बराच वेळ समोर उभी. दुकान मी निवडलेलं, हे चारचौघांना सांगितलं. रेश्मानं मला चहा वाटायला लावलं.

१९ फेब्रुवारी.
स्कॅनर आला. काय मशीन आहे! पण आत्या फोटोला शिवू देईना. म्हटलं, हातमोजे घालतो की.
ते तिनं गरम पातेलं उतरवायला घेतलेत.