कानाशी म्हटलेली प्रार्थना

४ फेब्रुवारी, मंगळवार

तक्रार करणारच! पत्नीच्या निधनाला आज अठरा दिवस झाले. त्या सकाळी सात वाजता रुग्णालयातल्या परिचारिकेने तिच्या कानाशी तोंड नेऊन आपल्या, म्हणजे मुसलमानांच्या, धर्माची प्रार्थना म्हटली. दाराच्या काचेतून मी ते — पसरलेले तळहात, हलणारे ओठ — स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. परवानगी कोणाची? माझी नव्हती — आणि पती मी होतो.

अधीक्षक अत्यंत गोड हसून म्हणाले, "लेखी द्या, सर. तिचा करार महिनाअखेरीला संपतोय. तुमचा अर्ज आला की पुढं वाढवतच नाही." एखाद्याची नोकरी घालवायची केवढी ही तत्परता! जादा उशी मागितली होती, तेव्हा याच गृहस्थांना दोन दिवस लागले होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुलाचा फोन. "बाबा, कशाला तिच्या पोटावर पाय देताय? आईला काही त्रास झाला का त्यानं?"

बत्तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि नापास विद्यार्थी घरातच निघावा! प्रश्न त्रासाचा नाही, अधिकाराचा आहे. तथापि आरोप पुराव्यानिशी असावा. परधर्मीयासाठी प्रार्थना करणे तिच्या धर्मग्रंथाला तरी संमत आहे काय, हे त्या धर्माच्या जाणकारांनाच विचारीन. संमत नसेल, तर बाईसाहेब दोन्हीकडून दोषी.

ग्रंथालयातून भाषांतर आणले. सहिष्णुतेच्या वचनांखाली निळी रेघ, विरोधी वचनांखाली लाल. पुस्तक ग्रंथालयाचे असल्यामुळे रेघा फिक्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

आरंभ चष्मेवाल्यापासून केला. त्या धर्माचा एवढाच माणूस माझ्या परिचयाचा. प्रश्न ऐकून तो मोठमोठ्याने हसला.

"अहो सर, आजाऱ्यासाठी दुवा मागायला पुस्तक कशाला उघडायचं? शेजारच्या आजी पडल्या तेव्हा माझी अम्मी त्यांच्यासाठी रडून रडून मागायची. अम्मी पडली तेव्हा आजी मागायच्या. दोघी गेल्या! फिट्टंफाट."

आठवणी म्हणजे प्रमाण नव्हे, असे मी त्याला सुनावले.

"मग मौलवीसाहेबांकडं जा ना. तेही तुमच्यासारखेच आहेत, एकाला दहा प्रश्न विचारतात."

ही तुलना मला मुळीच रुचली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मौलवींकडे गेलो. साठीचे गृहस्थ, प्रचंड पडसे झालेले. माझ्यासाठी मुलांच्या वर्गातून खुर्ची आणवली. तिचा एक पाय आखूड. त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून घडलेला प्रकार सांगितला आणि चौकशी केली.

पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच — "धर्मात बळजबरी नाही." परीक्षेच्या मार्गदर्शकातले पहिल्या पानावरचे उत्तर! लगेच मी लाल रेघांची पाने पुढे केली. चिडतील असे वाटले होते. चिडले नाहीत.

"ही लढाईच्या वेळची, करार मोडणाऱ्यांबद्दलची वचनं, असं आमचे बरेच जाणकार सांगतात. काही लोक तीच उचलून आजच्या शेजाऱ्याला लावतात. ते आमच्यातले नाहीत असं म्हणून मी हात झटकणार नाही."

"आणि परधर्मीयासाठी प्रार्थना?"

"जिवंत माणसाला आराम पडावा म्हणून कुणासाठीही मागावी. मेल्यानंतर परधर्मीयाला माफी मिळावी म्हणून मागू नये, असं बहुतेक विद्वान म्हणतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी उलटं सांगणार नाही."

सापडले! शब्दशः टिपून घेतले. ते नाक पुसत शांतपणे म्हणाले, "त्या वेळी बाई हयात होत्या?"

"होत्या."

"मग त्या मुलीचं काय चुकलं, सर? — आणि खोलीत बाईंच्या जवळ दुसरं कोण होतं?"

विषयाला सोडून प्रश्न! मी तत्काळ उठलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अर्जाचा मसुदा चौथ्यांदा लिहिला. 'अनधिकृत' हा शब्द दोनदा आला होता. एक काढला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी बाजू ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, म्हणून परिचारिकेला भेटलो. चादरींच्या खोलीत घड्या घालत होती. वय असेल पंचवीस. मला पाहून दचकली नाही. हा एक उद्धटपणाच.

"हो सर, म्हटली मी. ताईंनीच सांगितलं."

"अशक्य! तिला स्वतःच्या प्रार्थना पाठ होत्या."

"श्वास पुरत नव्हता त्यांना. म्हणाल्या, 'तुझी म्हण गं, मला चालेल. देव काय शाळामास्तर आहे, उत्तरपत्रिका बदलली म्हणून रागवायला?'"

एक्केचाळीस वर्षे हा स्वर ऐकला आहे. निकाल देऊन मोकळी व्हायची. असे वाक्य ही मुलगी रचू शकणार नाही.

"आणखी काय म्हणाली?"

तिने चादर खाली ठेवली. "'हे आले का?' असं विचारत होत्या. तीन-चार वेळा विचारलं. मी म्हटलं, आलेत ताई, पायाशी उभे आहेत."

"म्हणजे खोटे बोललीस!"

"हो, ते खोटं बोलले. हवं तर त्याची तक्रार करा." मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही काचेपलीकडं होतात, सर. मी तुम्हाला दोनदा हातानं बोलावलं."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मसुदा फाडला. त्या दाराला कडी नव्हती. मूठ माझ्या हातात होती, आणि मी ती फिरवली नाही.