बेसले गुलाबी ऑइलपेंट

कैलाश,

दरवाज्याचा उरलेला गुलाबी ऑइलपेंट तू माझ्या जुन्या बेस गिटारले मारला. तारांसकट! वरून म्हणतोस, "दादा, जुनाट दिसत होती, चमकवून देली." अरे बैला, जुनी बेस स्पीकरले जोडली का घूंघूं करतेच, पण तारेले बोट लावलं का चूप होते. आता बोट अन् तारेच्या मधात तुझा पेंट आहे. कितीबी हात लाव, बोंबलूनच राहिली.

मी तिले घेऊन दुरुस्तीवाल्याकडे चाललो. भात कुकरमध्ये आहे.

तुले आज नवेगाव-बांधले पोरगी पाहायले जायचं आहे ना? तुझी मोटरसायकलबी जुनाट दिसत होती. पेंटचा डबा तिच्यावर संपवून टाकला, सीटसकट. अजून वाळली नाही. पांढरी पँट घालून जाजो.

— इंद्रकुमार दादा